बक्षीस काय, तर कचऱ्याचा डबा! जुने ब्रिटिश गेम शो पाहायला सुरुवात कशी करावी

ब्रिटनमध्ये १९७८ ते १९८८ या काळात एक कार्यक्रम लागायचा. त्यात नशीब फिरलं तर शेवटी बक्षीस म्हणून खरोखरीचा, नवाकोरा कचऱ्याचा डबा मिळायचा. जोडपं तासभर डोकं खाजवायचं, डबा पाहून कपाळाला हात लावायचं, आणि तरी जाताना हसत निरोप घ्यायचं. हे वाचून कुतूहल चाळवलं असेल तर पुढे वाचा. 'काय हे खूळ' असं वाटलं असेल तरी वाचा. खूळच आहे, पण ते पाहायची एक रीत आहे, आणि ती माहीत नसली की पहिल्या दहा मिनिटांत माणूस कंटाळून दुसरीकडे वळतो.

पायरी १: केबीसी डोक्यातून काढा

गेम शो म्हटलं की आपल्याला अंधारा सेट, ढणढणतं संगीत आणि करोडो रुपये आठवतात. तो साचाही ब्रिटिशच. 'हू वाँट्स टु बी अ मिलियनेअर' सप्टेंबर १९९८ मध्ये आयटीव्हीवर सुरू झाला, २००० साली त्याचं 'कौन बनेगा करोडपती' झालं आणि २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी तो मराठीत आणला. पण आपण बोलतोय ते त्याच्या आधीच्या जगाबद्दल, आणि तिथे पैशाचा दुष्काळ होता.

दुष्काळाला कारणं होती. आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी वाहिनी. तिथे किती मोलाचं बक्षीस द्यायचं यावर नियामक मंडळाची मर्यादा होती आणि ती नव्वदच्या दशकापर्यंत टिकली. बीबीसी चालते घरोघरीच्या परवाना शुल्कावर. लोकांच्या पैशातून कुणाला गाडी वाटली तर गहजब व्हायचा. त्यामुळे बक्षिसं कसली, तर सुऱ्यांचा संच, टेबलावरचं घड्याळ, किंवा 'टीजमेड'. हे टीजमेड म्हणजे गजराच्या घड्याळाला जोडलेलं चहायंत्र. पलंगाशेजारी ठेवायचं, सकाळी गजर व्हायच्या सुमारास ते आपोआप चहा करून ठेवतं. ब्रिटिश मध्यमवर्गाच्या सुखाची कल्पना एका वस्तूत पाहायची असेल तर ही.

माझं मत असं की सगळी गंमत या दारिद्र्यातून आली. बक्षीस क्षुल्लक असलं की माणूस जिंकायचं सोडून खेळायला लागतो. स्पर्धक टीव्हीवर जाऊन यायचं म्हणून यायचे, सूत्रसंचालकालाही ठाऊक असायचं की आपण किरकोळ माल खपवतोय, आणि दोघं मिळून ते साजरं करायचे. गणपतीतल्या लिंबू-चमच्याला राष्ट्रीय प्रक्षेपण मिळावं, तसा प्रकार. तेव्हा कोण जिंकतं याच्याकडे फार लक्ष देऊ नका. हरणाऱ्याचा चेहरा पाहा.

पायरी २: पहिला कार्यक्रम 'बुल्सआय'च

इथे मी पर्याय देत नाही. 'बुल्सआय' १९८१ ते १९९५ आयटीव्हीवर चालला. सूत्रसंचालक जिम बोवेन, उत्तर इंग्लंडमधल्या लँकाशरचा माणूस, आधी शाळामास्तर होता, मग विनोदी कलाकार झाला. कार्यक्रमाचं चिन्ह म्हणजे बुली नावाचा व्यंगचित्रातला ढोला बैल. खेळ डार्ट्सचा, म्हणजे पबच्या भिंतीवर टांगलेल्या तबकडीवर छोटे बाण मारण्याचा.

नियम समजून घ्या, नाहीतर मजा निसटते. तीन जोड्या. प्रत्येक जोडीत एक बाण मारणारा आणि एक प्रश्नांची उत्तरं देणारा. पहिल्या फेरीत तबकडीवर आकड्यांऐवजी विषय असतात: खेळ, इतिहास, शब्दलेखन वगैरे. बाणवाल्याने विषय सांगून नेम धरायचा, मग जोडीदाराने त्या विषयाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. दुसऱ्या फेरीत नेहमीची तबकडी. तीन बाणांत ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याच्या जोडीदाराला प्रश्न आणि गुणांइतकेच पौंड. साठ गुण, साठ पौंड. गुण मोजायला टोनी ग्रीन. डार्ट्सच्या सामन्यांतला हा अनुभवी आवाज दहा गुणसुद्धा अशा गांभीर्याने जाहीर करतो की आपण सावरून बसतो.

मध्ये एखादा नावाजलेला डार्ट्सपटू येऊन धर्मादाय कामासाठी नऊ बाण मारून जातो. ३०१ किंवा जास्त गुण झाले तर रक्कम दुप्पट. कार्यक्रमातलं खरं कौशल्य तेवढंच, आणि ते दोन मिनिटांत आटोपतं.

हरलेल्यांचे पैसे बोवेन हाताने मोजून देतो. त्याला तो 'बीएफएच' म्हणतो: बस फेअर होम, घरी जायचं बसभाडं. हे तो त्यांच्या तोंडावर म्हणतो आणि कुणाला राग येत नाही.

जिंकलेली जोडी आता बुलीच्या बक्षीस-तबकडीपुढे. लाल घरांत बक्षिसं, काळी घरं रिकामी. एकाच लाल घरात दोनदा बाण बसला तर मिळालेलं बक्षीस परत जातं. टोस्टर, टेपरेकॉर्डर, बागेतल्या खुर्च्या असं काहीबाही जमतं. आणि मग बोवेन जवळ येऊन प्रस्ताव मांडतो: जमवलेलं सगळं पणाला लावा, सहा बाणांत १०१ गुण करा आणि पडद्याआडचं मोठं बक्षीस न्या. नको म्हणालात तर हीच संधी दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीला.

इथे व्हिडिओ थांबवून जरा हिशेब करा. सहा बाण दोघांत तीन-तीन, आणि पहिले तीन मारायचे न येणाऱ्याने. डार्ट्सच्या तबकडीची रचना दुष्ट आहे. सगळ्यात वर २०, पण त्याच्या एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला १. विसावर नेम धरला आणि हात जरासा हलला की एक गुण. नवशिक्याचे तीन बाण मिळून पंचवीस-तीस झाले तर ठीकच म्हणायचं. मग उरलेले सत्तरेक बाणवाल्याने तीन बाणांत काढायचे. पबमध्ये मित्रांपुढे तो ते सहज काढतो. इथे दिवे, कॅमेरा, पाठीमागे घाम पुसणारा जोडीदार, आणि टोस्टर पणाला लागलेला.

बहुतेकदा हुकतं. आणि मग येतो तो क्षण, ज्यासाठी हा कार्यक्रम अजूनही ब्रिटिशांच्या बोलण्यात आहे. हरलेल्या जोडीला बोवेन बाजूला घेतो आणि म्हणतो, या, तुम्हाला काय मिळालं असतं ते बघू. पडदा सरकतो. मागे स्पीडबोट.

आपल्याकडे याला 'पोपट झाला' म्हणतात, पण पोपट निदान लपवायची तरी मुभा असते. इथे टोस्टरही गेला, बोटही गेली, हाती धुपाटणं, आणि टाळ्या वाजवायच्या. त्यात ही माणसं बरेचदा समुद्रापासून लांबच्या गावांतली, गाडी लावायला धड जागा नसलेल्या घरांतली. बोट मिळालीच तर ती दोघांत एक! कधी गाडी असायची, कधी कॅरॅव्हॅन, पण आठवणीत बोटच राहिली. तुम्ही तो क्षण पाहताना बोटीकडे बघू नका. बाणवाला आणि त्याचा जोडीदार एकमेकांची नजर कशी टाळतात ते बघा.

बोवेनचं पालुपद 'सुपर, स्मॅशिंग, ग्रेट'. समोरच्याने काहीही सांगितलं तरी हेच, कारण त्याचं अर्धं लक्ष पुढच्या कार्डावर असतं. तो चांगला सूत्रसंचालक नव्हता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. सफाईदार माणूस इथे शोभलाच नसता.

एक काळी बाजूही सांगून ठेवतो. १९८९ मध्ये या कार्यक्रमात आलेला एक स्पर्धक २०११ साली जुन्या खुनांसाठी दोषी ठरला. त्या काळी तो कसा दिसत होता हे दाखवायला पोलिसांना या भागाचं चित्रीकरण कामी आलं.

पायरी ३: 'जनरेशन गेम'मध्ये हातांकडे पाहा

बीबीसीवर १९७१ पासून, शनिवार संध्याकाळचा. मूळ कल्पना डच. एकाच घरातल्या दोन पिढ्यांची जोडी: आई-मुलगा, काका-पुतणी, असं काहीही. एखादा कारागीर मंचावर येतो, मिनिटभरात कुंभाराच्या चाकावर सुरेख भांडं घडवतो, आणि मग तेच चार जणांनी करायचं. माती उडते, भांडं कोसळतं, कारागीर सभ्यपणे दहापैकी गुण देतो. दुसऱ्या आठवड्यात सॉसेज भरणं, केकवर नक्षी, नाहीतर लोकनृत्य.

ब्रूस फोर्साइथ हा पहिला सूत्रसंचालक १९७७ पर्यंत होता आणि १९९० मध्ये परत आला. सुरुवात फोर्साइथच्याच भागांनी करा. 'नाइस टु सी यू, टु सी यू...' म्हणून तो थांबतो आणि प्रेक्षक 'नाइस!' असं पूर्ण करतात. दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, न कंटाळता. स्पर्धक गोंधळला की फोर्साइथ हताश होऊन सरळ कॅमेऱ्याकडे बघतो, म्हणजे तुमच्याकडे. घरात बसलेल्या माणसाला कटात सामील करून घेण्याची त्याची ही हातोटी पुढच्या अनेकांनी उचलली, पण त्याच्याइतकी कुणाला साधली नाही.

शेवटी सरकता पट्टा. त्यावरून एकेक वस्तू जाते, स्पर्धकाने फक्त बघायचं, मग मिनिटापेक्षा कमी वेळात आठवतील तेवढ्या म्हणून दाखवायच्या. आठवल्या त्या घरी. वस्तूंत एक मऊ खेळणं ठरलेलं, आणि स्पर्धक अडला की अख्खा प्रेक्षकवर्ग 'कडली टॉय' म्हणून ओरडतो. इथे तुम्हीही कागद-पेन न घेता खेळून बघा. दहाच्या पुढे जाणं वाटतं तितकं सोपं नाही.

पायरी ४: '३-२-१'ची कोडी सोडवायच्या फंदात पडू नका

डब्याचा कार्यक्रम तो हा. यॉर्कशर टेलिव्हिजनने एका स्पॅनिश कार्यक्रमावरून बेतला. सूत्रसंचालक टेड रॉजर्स बोटांनी तीन-दोन-एक असं इतक्या झपाट्याने दाखवायचा की त्या पिढीतली पोरं शाळेत त्याचा सराव करत.

आधी प्रश्नोत्तरं, मग नाच-गाणी-नकला. प्रत्येक सादरीकरण संपलं की कलाकार टेबलावर एक वस्तू ठेवतो आणि यमकात एक कोडं वाचतो. प्रत्येक वस्तूमागे एक बक्षीस दडलेलं: गाडी, सहल, फर्निचर, आणि एकीमागे डस्टी बिन, म्हणजे तो डबा. जोडप्याने एकेक वस्तू नाकारत जायचं, शेवटी उरेल ती त्यांची.

आता डबा टाळायचा तर कोडं सुटलं पाहिजे. ते सुटत नाही. ते सुटण्यासारखं बनवलेलंच नसतं. नाकारलेल्या वस्तूचा अर्थ रॉजर्स नंतर समजावून सांगतो: या ओळीतला पक्षी म्हणजे अमुक, अमुकचं दुसरं नाव तमुक, तमुक उलटं वाचलं की शहर, आणि त्या शहरात बनते ती गाडी, जी तुम्ही आत्ताच नाकारलीत. असला द्राविडी प्राणायाम. जोडपं 'हो ना, लक्षातच आलं नाही' अशा अर्थाने मान डोलावतं. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. नवख्याने इथे फक्त त्या मान डोलावण्याचा आनंद घ्यावा.

पायरी ५: 'ब्लँकेटी ब्लँक', पण थोडाच

अमेरिकन कल्पना, बीबीसीवर १९७९ पासून. गाळलेली जागा असलेलं चावट वाक्य, सहा सेलिब्रिटी, आणि स्पर्धकाचं उत्तर त्यांच्याशी जुळलं तर गुण. सूत्रसंचालक आधी टेरी वोगन, काडीसारखा लांबलचक मायक्रोफोन घेऊन. मग १९८४ पासून लेस डॉसन, जो बक्षिसांची मंचावरच यथेच्छ टिंगल करायचा. हरणाऱ्याला मिळायचं कार्यक्रमाचं चेकबुक आणि पेन. लोक त्यासाठी मुद्दाम हरत असावेत असा माझा संशय आहे.

त्या काळच्या ब्रिटिश नटनट्यांची ओळख नसेल तर अर्धे विनोद डोक्यावरून जातात. म्हणून डॉसनचे दोन-तीन भाग पुरे.

पायरी ६: नव्वदचं वेड

इथवर आलात तर मोठं ताट वाढायला हरकत नाही.

'क्रिस्टल मेझ', चॅनल फोर, १९९० ते ९५. सहा जणांचा चमू चार कालखंडांतून फिरतो: अझ्टेक, मध्ययुगीन, औद्योगिक, भविष्यकालीन. छोट्या खोलीत एकाने जाऊन कोडं सोडवायचं किंवा कसरत करायची आणि स्फटिक घेऊन वेळेत बाहेर पडायचं. वेळ संपली की दार बंद, माणूस आत कोंडला. सोडवायचा तर एक स्फटिक मोजा. बाहेर उभे असलेले पाच जण खिडकीतून एकाच वेळी पाच सल्ले देतात आणि आतला माणूस समोरची चावी सोडून सगळीकडे शोधतो. तुम्ही घरात बसून किंचाळणार, याची खात्री बाळगा. कार्यक्रम रचलाच आहे त्यासाठी.

सूत्रसंचालक रिचर्ड ओ'ब्रायन: चमकतं टक्कल, बिबट्याच्या कातड्यासारखा लांब कोट, हातात माउथ ऑर्गन. स्पर्धक आत धडपडत असताना हा कॅमेऱ्याजवळ येऊन त्यांच्याबद्दल कुजबुजतो किंवा चक्क कंटाळून बाजा वाजवतो. एका स्फटिकाला पाच सेकंद या दराने मिळालेला वेळ शेवटी घुमटात घालवायचा. पंखे सुरू होतात, सोनेरी-चंदेरी कागद उडतात, सोनेरी पकडायचे. चंदेरी वजा करून शंभर उरले तर जिंकलात. हे सहसा होत नाही.

'नाइटमेअर', १९८७ ते ९४, हा मुलांचा कार्यक्रम, पण मोठ्यांनी जरूर पाहावा. संगणकी चित्रांतल्या भुयारात एक मूल चालतं. त्याच्या डोक्यावर डोळे झाकणारं शिरस्त्राण, आणि तिघे मित्र पडद्यावर बघून त्याला 'डावीकडे सरक, पुढे, थांब' असं सांगतात. प्रत्यक्षात ते मूल नॉरिचच्या स्टुडिओत एका रिकाम्या निळ्या खोलीत असतं आणि भुयार नंतर... नंतर नव्हे, तिथल्या तिथेच मित्रांच्या पडद्यावर जोडलं जातं. शिरस्त्राण असल्याने निळ्या भिंती त्याला दिसतच नाहीत. सोय आणि खेळाचा नियम एकाच टोपीत बसवणाऱ्या त्या निर्मात्याचं, टिम चाइल्डचं, मला फार कौतुक वाटतं. आणि कार्यक्रम निर्दय: कुणीतरी डावं-उजवं चुकतं, मूल दरीत जातं, आणि भुयाराचा राखणदार ट्रेगार्ड म्हणतो, 'ऊऽऽ, नॅस्टी!' आठ वर्षांत जिंकलेले संघ हाताच्या बोटांवर मोजता येतील.

पायरी ७: शोधायचं कसं, पाहायचं कसं

यूट्यूबवर नाव आणि साल टाकून शोधा. बरेच भाग लोकांनी घरच्या व्हिडिओ कॅसेटवरून चढवलेले असतात. ज्यात मधल्या जाहिराती शाबूत आहेत ते निवडा. बिस्किटांच्या आणि गॅस कंपनीच्या जाहिरातींतून तो काळ जितका कळतो तितका लेख वाचून कळत नाही. ब्रिटनमध्ये राहत असाल तर 'चॅलेंज' ही वाहिनी १९९७ पासून असल्या कार्यक्रमांवरच जगते.

आपोआप उमटणारी सबटायटल्स लँकाशर-यॉर्कशरच्या उच्चारांपुढे हात टेकतात. ती बंद करा. दोन भागांत कान सरावतो.

सलग पाहू नका. आठवड्यातून एकदा, सगळ्यांनी एकत्र बसून पाहायचा हा माल आहे; १९८२ मध्ये चॅनल फोर येईपर्यंत त्या देशात वाहिन्याच तीन होत्या. रात्रभर दहा भाग पाहिलेत तर सातव्या बोटीपाशी वैताग येईल.

बायकांवरचे, परदेशी माणसांवरचे विनोद खटकणार. 'जनरेशन गेम'मध्ये सहकारी तरुणीला गिरकी घेऊन पोशाख दाखवायला सांगायचे, तेही दर भागात. ते गोड मानून घ्यायची गरज नाही. पुढे ढकलायचं बटण आहेच.

सत्तरच्या आधीचं शोधायला जाल तर निराशा ठरलेली. त्या काळी टेप महाग, त्यामुळे पुसून पुन्हा वापरायचे, आणि थेट प्रक्षेपणातलं बरंचसं राहिलंच नाही. 'द गोल्डन शॉट'चे (१९६७–७५) म्हणूनच मोजके भाग उरलेत. मिळाला तर मात्र सोडू नका. कॅमेऱ्याला जोडलेलं खरं धनुष्य, ते चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी, आणि घरून फोनवर बोलणारा प्रेक्षक टीव्हीत बघून 'थोडं डावीकडे... वर... मारा' असं सांगतोय. हे सगळं रविवारी दुपारी, थेट. विमा कसा मिळाला असेल देव जाणे.

पाहून झाल्यावर जरा शांत काही हवं असेल तर 'काउंटडाउन'. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोरवर पहिलाच कार्यक्रम म्हणून लागला तो हा. नऊ अक्षरांतून मोठ्यात मोठा शब्द, तीस सेकंदांचं घड्याळ, आणि विजेत्याला चहाची किटली.

पायरी ८: नव्या आवृत्त्या सगळ्यात शेवटी

हल्ली जुनं सगळं परत येतंय. 'बुल्सआय' डिसेंबर २०२४ मध्ये आयटीव्हीवर परतला आणि सूत्रसंचालक कोण, तर अँड्र्यू फ्लिंटॉफ, ज्याने २००२ साली वानखेडेवर जिंकल्यावर शर्ट काढून धाव घेतली होती आणि ज्याचं उत्तर गांगुलीने लॉर्ड्सच्या सज्जातून दिलं. फ्लिंटॉफही लँकाशरचाच, त्यामुळे आवाजाचा धागा जुळतो. पण आधी बोवेनचे निदान पाच-सहा भाग झालेले असू द्या, नाहीतर प्रेक्षक कशाला हसतायत ते कळणार नाही. 'ब्लँकेटी ब्लँक' ब्रॅडली वॉल्शने पुन्हा सुरू केला. सेट चकाचक झालाय. चेकबुक आणि पेन तेच ठेवलंय.